खानदेशातील लांब पल्ल्याची अवजड मालवाहतूक

खानदेशातील लांब पल्ल्याची अवजड मालवाहतूक : तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतून जाणाऱ्या पूर्व-पश्चिम व दक्षिणोत्तर मार्गांवरून शेकडो किमी. अंतरावर होणारी मालाची ने-आण. पूर्वीचा खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला. आज या प्रदेशात जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे येतात. या वाहतुकीचे साधन गेल्या चार शतकांत बैलाच्या पाठीवरून गाडीवर, गाडीवरून आगगाडीवर आणि आगगाडीवरून पुन्हा रस्त्यावरील मालमोटारीवर गेले. साधनांचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. ती हाकणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हा भाग त्यामानाने दुर्लक्षित राहिला.

खानदेशाच्या उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्री आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा असून पूर्वेस मात्र हा सखल प्रदेश वऱ्हाडात मोकळा होतो. त्यामुळे वाटा मोजक्या जागीच एकवटल्या : सुरतेकडे कोंडाईबारीचा घाट, माळव्याकडे सेंधव्याजवळचा बिजासन घाट, दक्षिणेस कन्नडचा घाट, नैर्ऋत्येस चांदवडजवळील राहूडचा घाट आणि ईशान्येस बऱ्हाणपूर-अशीरगडाची खिंड. काळ्या जमिनीत पावसाळ्याचे चार महिने चाक रुतते, म्हणून जुनी सर्व वाहतूक दसऱ्यानंतर सुरू होई व मृगाच्या आत आटोपे. सुरत बंदर आणि आग्रा यांना जोडणारा मोगलकालीन राजमार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडे यांवरून बऱ्हाणपुरास जात असे. तापीच्या दक्षिणेकडील वाट जळगाव, नशिराबाद, एदलाबाद (आताचे मुक्ताईनगर) अशी वऱ्हाडाकडे वळे.

बैलांचे तांडे : सतराव्या शतकातील फ्रेंच रत्नव्यापारी झां बातीस्त ताव्हेर्न्ये हा या मार्गाने गेला होता. नवापूरच्या सुवासिक तांदळाची त्याने स्तुती केली आहे. त्याहून मोलाचे आहे ते त्याने केलेले वाहतुकीचे वर्णन. भात, धान्य व मीठ घेऊन चालणारे दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्याने पाहिले. एका बैलावर तीनशे ते साडेतीनशे लिव्र, म्हणजे सु. दीडशे किग्रॅ. किंवा थोडा अधिक माल असे. या हिशेबाने दहा हजार बैलांचा तांडा सु. दीड हजार टन माल नेई. आजच्या तीन आसांच्या ऐंशीएक ट्रकांचा हा माल होय. व्यापाऱ्यांच्या गाड्यांचे काफिले वेगळे असत. शंभर-दोनशे गाड्या एकत्र निघत, प्रत्येक गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि मालकाने पगारी ठेवलेले चार शिपाई बरोबर चालत. वाईट जागी गाडी कलंडू नये म्हणून मालावरून आडवे टाकलेले दोर ते दोन्ही बाजूंनी ताणून धरत. अरुंद वाटेवर समोरून बैलांचा तांडा आला, तर प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे, अशी ताव्हेर्न्येची तक्रार आहे. घाटातील वाहनांच्या रांगेची ही बहुधा सर्वांत जुनी लेखी नोंद असावी.

हे तांडे बंजारा अथवा लमाण समाजाचे. ‘लमाण’ हे नाव लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. त्यांच्या बोलीत या व्यापाराला ‘लदेणी’ म्हणत. तांड्याचा प्रमुख नायक असे. वाट, मुक्काम, पाणवठा, तंटा आणि जकातदाराशी बोलणी हे सारे त्याच्या शब्दावर चाले. बायका-मुलांसह सगळे घर बैलांबरोबर हिंडत असे आणि गोणी लादण्या-उतरविण्यात स्त्रियांचा वाटा मोठा होता. दिवसाची मजल तीन-चार कोसांच्या आसपास असे. हा संथपणा आळसाचा नसून त्यातच धंद्याचे गणित होते. बैल वाटेने चरत जात, म्हणून चाऱ्याचा खर्च पडत नसे आणि म्हणूनच मिठासारखा स्वस्त माल शेकडो कोस नेणे परवडत असे. कुरणे खुली असणे हा या वाहतुकीचा पाया होता. लष्करांचीही भिस्त याच लोकांवर असे. १८०३ च्या मोहिमेत इंग्रजांनी बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले, त्या काळच्या आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात बंजाऱ्यांचे धान्य वेळेवर येईल की नाही, ही चिंता वारंवार डोकावते.

व्यापारी आणि वाहतूकदार यांच्यामध्ये हुंडेकरी असे. माल ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोचविण्याची हमी घेऊन तो एकच ठोक रक्कम ठरवी. तिला हुंडाभाडे म्हणत. त्यात भाडे, वाटेतील जकाती आणि जोखीम या तिन्हींचा समावेश असे. आधुनिक विमा येण्यापूर्वी देशी व्यापाराने लावलेला हा एक चोख शोध म्हटला पाहिजे. हुंडाभाड्याचा दर वाटेच्या भीतीप्रमाणे चढे-उतरे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात भीतीची कमतरता नव्हती. होळकर-शिंद्यांच्या झटापटी, पेंढारी, १८०३ चा दुष्काळ आणि उपजीविका तुटलेल्या भिल्ल नाईकांचे छापे यांनी वाटा ओस पडल्या. जळगावच्या पूर्वेस सु. १० किमी.वर असलेले, काचेच्या काळ्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेले नशिराबाद गावही या काळात एकाहून अधिक वेळा लुटले गेले. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, ते मुख्यतः मुंबई-आग्रा वाटेवरील त्याच्या मध्यवर्ती जागेमुळे. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने भिल्ल पलटण उभारली. पूर्वी घाटाची राखण करून हक्क घेणारेच आता सरकारी पगारावर राखण करू लागले. कन्नडच्या घाटाला औट्रमचे नाव अजून चिकटून आहे.

रेल्वे व तांड्यांचा अस्त : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भुसावळपर्यंत आली. १८६५ मध्ये थळ घाटाचा चढ लोहमार्गाने जिंकला. १८६७ मध्ये गाडी नागपुरास पोचली आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडले गेले. याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आला व जळगाव ही मोठी कापूसपेठ बनली. १९०० च्या सुमारास सुरत-अमळनेर व चाळीसगाव-धुळे हे मार्गही झाले. लोहमार्गाने नशिराबादला मात्र बाजूस टाकले. त्याचे स्थानक भादली, ते गावाच्या उत्तरेस दोन मैलांवर. बैलगाडीचा धंदा रेल्वेने बुडविला नाही. गाव ते स्थानक अशा आखूड फेऱ्या वाढून तो उलट फोफावला. बुडाला तो लांब पल्ला, आणि त्याबरोबर तांडा.

रेल्वेच्या अहवालांत भाड्यातील बचत पैशापैपर्यंत मांडलेली सापडते. ज्यांचे भाडे बुडाले त्यांचा रकाना त्यांत नाही. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले वाढली व फुकट चराई आटली, म्हणजे उरलेसुरले गणितही मोडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे काही प्रांतांत बंजारा गटांची नोंद झाली. ज्या भटकेपणावर फौजा जगल्या होत्या, तोच आता संशयाचे कारण ठरला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या यादीत आला. चाळीसगाव, पाचोरे, जामनेर भागांतील तांडे स्थिरावले ते कोरडवाहू शेती व मजुरीवर. त्यांतील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी घर पाठीवर घेऊन निघतात. लदेणी गेली तरी दसऱ्यानंतरचे निघणे राहिले.

मालमोटारीचा उदय : पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या वापरातील मोटारी बाजारात आल्या आणि रस्त्याने रेल्वेशी स्पर्धा सुरू केली. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून (१९२७–२८) १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. लगेच रेल्वेच्या तोट्याची ओरड झाली. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाने मोटारींवर नियंत्रणे सुचविली व १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवान्यांची पद्धत घट्ट केली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचा तुटवडा पडला, तेव्हा मागे लोखंडी भट्टी बसवून कोळशाच्या वायूवर ट्रक चालविण्यात आले. १९४३ च्या नागपूर योजनेत देशातील रस्त्यांची राष्ट्रीय महामार्गांसह प्रतवारी ठरली. पुढे मुंबई-आग्रा रस्ता क्र. ३ चा व सुरत-धुळे-जळगाव-नागपूर-कलकत्ता रस्ता क्र. ६ चा राष्ट्रीय महामार्ग झाला. २०१० च्या फेररचनेनंतर सुरत-नागपूर भागास ५३ व धुळे-इंदूर भागास ५२ हे क्रमांक मिळाले. धुळे हे या दोन महामार्गांचे तिठ्यासारखे ठाणे बनले, तर लोहमार्गाने टाळलेले नशिराबाद क्र. ६ मुळे पुन्हा रहदारीच्या तोंडावर आले.

वाहनांच्या बाबतीत वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातील ट्रक आधी आले. १९५४ मध्ये टाटांनी जर्मन कंपनीशी करार केल्यावर डिझेलवर चालणाऱ्या टाटा-मर्सिडीझ गाड्यांनी रस्ते व्यापले. लाकडी हौद्याचा, सहा चाकांचा, दोन आसांचा हा ट्रक पुढील चार दशके भारतीय वाहतुकीचा बैलच होता. प्रत्येक राज्याचा वेगळा परवाना आणि वेगळा कर यांमुळे लांबची खेप ही कटकट असे. १९७५ च्या राष्ट्रीय परवाना योजनेने ती बरीच कमी केली. पंजाबी चालक आणि त्यांच्यामागोमाग आलेले ढाबे महामार्गावर स्थिरावले. खानदेशी तरुण आधी क्लीनर म्हणून चढले. चाके ठोकून पाहणे, ताडपत्री व रस्से आवळणे, घाटात चाकामागे लाकडी ओट लावणे ही कामे करता करता काही वर्षांनी त्यांच्या हाती सुकाणू येई. या विद्येची दुसरी शाळा नव्हती.

केळी : खानदेशाने लांब पल्ल्याला दिलेला सर्वांत कठीण माल म्हणजे केळी. रावेर, यावल, भुसावळ व चोपडे या तालुक्यांतील केळी पूर्वी मुख्यतः सावदा, निंभोरे व रावेर या स्थानकांवरून रेल्वेच्या वाघिणींनी दिल्लीस जात. वाघिणी वेळेवर न मिळणे ही बागाइतदारांची पिढीजात तक्रार होती. तिच्यातून ट्रकाला वाट मिळाली. घड हिरवेच कापून केळीच्या पानांच्या गादीवर थर देऊन रचतात आणि गाडी बऱ्हाणपूर-इंदूरमार्गे उत्तरेकडे निघते. दिल्लीचे अंतर सु. ११०० किमी. असून त्यास सामान्यतः दोन ते तीन दिवस लागतात. उन्हाळ्यात गाडी अडकली, तर माल ताडपत्रीखाली उबेने पिकू लागतो. हिवाळ्यात उत्तरेकडील थंडी १३° से.च्या खाली गेली की सालीवर काळपट झाक येते आणि आतला गर चांगला असूनही भाव पडतो. मिठाचा बैल झाडाखाली दोन दिवस बसला, तरी कोणाचे काही बिघडत नसे. केळीच्या गाडीला ती मुभा नाही. उशिराचा भार भाड्यातून कापला जातो व तो टाळण्याचे साधन चालकाच्या हाती एकच असते : झोप कमी करणे. लांब पल्ल्याच्या वाहतुकीतील बहुतेक अपघातांमागचे हे साधे अर्थशास्त्र आहे. चालकाच्या बेपर्वाईबद्दल लिहिणारे त्याची क्वचितच दखल घेतात.

ऑस्ट्रेलियाशी तुलना : अवजड वाहतुकीचे टोकाचे उदाहरण म्हणून ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील ‘रोड ट्रेन’चा उल्लेख केला जातो. तेथेही आधी बैलगाड्या आणि १८६० नंतर कराचीमार्गे नेलेले उंट होते. त्या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत वायव्य हिंदुस्थानचे लोक पुष्कळ होते. १९३४ मध्ये तेथील सरकारने अनेक चाकांची, मागे जोडगाड्या ओढणारी मोटार उत्तर प्रदेशात चाचणीसाठी आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲलिस स्प्रिंग्जच्या कुर्ट योहानसन याने लष्कराची जुनी गाडी घेऊन तिच्यामागे पुढील चाकांच्या वाटेनेच वळणाऱ्या जोडगाड्या लावल्या आणि हा धंदा रुजविला. आज तेथे ५३·५ मी.पर्यंत लांबीच्या, शंभर टनांहून अधिक एकूण वजनाच्या गाड्या धावतात. अशी आगगाडीसारखी मोटार खानदेशात का आली नाही, याची कारणे तांत्रिक कमी व सामाजिक अधिक आहेत. तेथे दोन वस्त्यांमध्ये शेकडो किमी. मोकळी जमीन, तर येथे दर चार-पाच किमी.वर गाव, फाटा, बैलगाडी आणि शाळेची मुले. तेथे एका मालकाचा एकठोक माल, येथे डाळ, सरकी, पेंड, नळ अशा अनेकांच्या बिल्ट्या एका हौद्यात. शिवाय दोन्ही टोकांना माल हमालाच्या पाठीवरून चढतो-उतरतो. एका ट्रकाचा माल हमालांची टोळी एका दिवसात आटोपते, शंभर टनांना नुसते थांबूनच तोटा होईल. भांडवल विखुरलेले असल्याने लहान गाडी हीच येथे सोईची ठरली.

अपवाद पवनचक्क्यांचा. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठे पवनऊर्जा प्रकल्प उभे राहिले. त्यांची चाळीस मीटरांहून लांब पाती व मनोऱ्यांचे नळे बहुचाकी ट्रेलरांवरून आणले गेले. अशा गाडीपुढे व मागे लहान वाहने चालतात, वळणावर माणसे उतरून तारा व फांद्या पाहतात, आणि प्रत्येक खेपेस खास परवानगी लागते. गाडीबरोबर दोर धरून चालणाऱ्या ताव्हेर्न्येच्या शिपायांशी हे दृश्य चांगलेच जुळते. नशिराबादला १९९७ मध्ये सिमेंट दळण्याचा कारखाना निघाला, तेव्हापासून तेथील अवजड वाहतुकीला वेगळे रूप आले. क्लिंकर तेलंगणातील देवापूरहून आणि राख जवळच्या दीपनगर औष्णिक वीजकेंद्रातून येते. बांगड्यांच्या गावाची ओळख आता राखेच्या बंद टाक्यांच्या गाड्यांशी जुळली आहे.

वजन, नाके व कामाचे तास : दोन आसांच्या ट्रकाला मालासह १६·२ टन ही मर्यादा बरीच वर्षे होती, पण ती पाळणारी गाडी विरळा. जादा भारावर दंड भरून पुढे जाण्याची मुभा नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने काढून घेतली गेली. जुलै २०१८ मध्ये मर्यादाच १८·५ टनांवर नेण्यात आली. घाट मात्र होते तेवढेच उताराचे राहिले. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे ब्रेक निकामी झालेला ट्रक वाहनांना धडकून रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला व किमान दहाजण मृत्यू पावले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कन्नड घाटातील अवजड वाहतूक न्यायालयाच्या आदेशाने बंद करण्यात आली.

जकात हा जुन्या हुंडाभाड्यातील तिसरा घटक. महाराष्ट्रातील शहरांची जकात टप्प्याटप्प्याने गेली. सर्वांत शेवटी, १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येताना, मुंबईची गेली. त्याच सुमारास राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराचे नाके उठले आणि २०२१ मध्ये पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. नाक्यावरील तासन्‌तासांची रांग संपली, तशी रांगेत मिळणारी झोपही संपली, हे कोणी हिशेबात धरलेले नाही. जानेवारी २०२४ च्या प्रारंभी, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळील पानेवाडी येथील इंधन आगारांतून टँकर निघाले नाहीत व खानदेशातील पंपांवर रांगा लागल्या. ते कलम १ जुलै २०२४ रोजी उर्वरित संहितेबरोबर अमलात आणले गेले नाही.

चालकाच्या तासांविषयी कायदा नव्हता असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले होते. लांब पल्ल्यासाठी ही मर्यादा दहा व चौपन्न तासांपर्यंत वाढविता येत असे. तथापि तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता आणि खानदेशातील बहुतेक ट्रक एक-दोन गाड्यांच्या मालकांचे. पुष्कळदा मालक स्वतःच चालक असे. पगाराऐवजी खेपेवर पैसे घेणाऱ्याचे तास कोण मोजणार? १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालवाहनांच्या चालक-कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले. क्लीनर मात्र भाडे परवडत नाही म्हणून अनेक गाड्यांवरून आधीच उतरला असून चालक एकटाच असतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि १९६१ च्या कायद्याची जागा तिने घेतली. या संहितेत मोटार वाहतूक उपक्रमासाठी कामगारांची किमान संख्या पाचावरून दहा झाली आहे.